‘चालत नाही’वाली कढई

दोन हजार बावीस सालच्या मार्गशीर्षात माझ्याखाली शेवटचा जाळ पेटला. मित्रांनो, त्यानंतर मला कुणी चुलीवर चढवलेलं नाही. पोशीर गावात एका घराच्या मागल्या पडवीत, सरपणाच्या ढिगाशेजारी मी पालथी पडून आहे. कोंबड्या माझ्या पाठीवर चढतात आणि घसरून खाली येतात. मी एक जुनी लोखंडी कढई आहे. मला एकच कान आहे. दुसरा होता, तो कसा गेला ते ओघात येईलच. पण मला सांगायचं आहे ते एका मुलीबद्दल. तिचं नाव समीक्षा. माझ्यात शिजलेलं ती एकदाच जेवली, तेही पुरतं नाही.

माझा जन्म कर्जतच्या बाजाराबाहेर घिसाड्यांच्या पालासमोर झाला. घिसाडी म्हणजे गावोगाव फिरणारे लोहार. नवरा लालबुंद पत्रा सांडशीत धरून बसायचा आणि बायको उभी राहून घण घालायची. घाव घालताना दर वेळी तिच्या तोंडून ‘हं’ निघायचा. असे किती ‘हं’ माझ्या अंगात मुरले आहेत, मला ठाऊक नाही. सोनाबाई तेव्हा तरणी होती. कडेवर तान्हा संतोष होता. तिने मला उचललं, बोटाच्या पेराने टकटक केली आणि विचारलं, “गळायची नाय ना गं?”

घिसाडीण घाम पुसत म्हणाली, “बाये, तुझे दात गळतील, तुझ्या पोराचे गळतील, पन ही नाय गळायची.”

ते खरं ठरलं. सोनाबाईचे दात गेले. मी आहे तशीच आहे.

पोशीरला आल्यावर पहिली काही वर्षं मी घरातल्या इतर भांड्यांसारखीच होते. पापड, कुरडया, कधी भजी. संतोष शाळेत जाऊ लागला त्या सुमारास सोनाबाईने गळ्यात तुळशीची माळ घातली आणि मांस-मासळी सोडली. घरातल्या बाकीच्यांचं सुकट-बोंबील चालूच राहिलं. तेव्हा तिने मला वेगळं काढलं. राखेने घासलं, कढत पाणी ओतलं, वेगळ्या खुंटीला टांगलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “आजपासून हिनं बी माळ घातली. हिला कांदा-लसूण दावायचा नाय. अंड्याचा तर वारा बी लागता कामा नाय.”

घरात हसाहशी झाली. “माळकरी कढई!” असं म्हणून लहानगा संतोष मला नमस्कार करायचा. पण सोनाबाईचा शब्द कुणी मोडला नाही. दर एकादशीला ती पहाटे माझ्यात शेंगदाणे भाजायची. सालं फुंकून उडवायची, दाणे कुटायची, मग साबुदाण्याची खिचडी. तेलही उपासाला चालणारं, म्हणजे घाण्यावरून आणलेलं शेंगदाण्याचं. त्याचा वास मोठा मायेचा असतो, मित्रांनो. शेजारची पोरं त्या वासावर येऊन दारात बसायची.

माझी निगाही ती जिवाभावाने राखायची. लोखंडाला साबण लावला की गंज चढतो. म्हणून साबण नाही. कोमट पाणी, नारळाची शेंडी, मग कोरडं फडकं आणि शेवटी तेलाचा हात. अशी वर्षानुवर्षं तेल पिऊन पिऊन मी आतून काळ्या आरशासारखी झाले होते. सोनाबाई म्हणायची, “माजी कडई तेल विसरत नाय.” तेव्हा मला ते कौतुक वाटायचं.

संतोष मोठा झाला. मोहोपाड्याला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये लागला. तिथल्या आचाऱ्याकडून तो नूडल्स करायला शिकला आणि त्याला त्याचं वेडच लागलं. घरी आला की भात सोडून शेवया परतायचा आणि आईला म्हणायचा, “खाऊन तर बघ.” सोनाबाई म्हणायची, “गांडुळं हायत रं ही.” पण पोरगं हट्टाचं होतं. लग्न झाल्यावर त्याने आणि त्याची बायको सोनाली हिने नेरळला स्टेशनाजवळ एक गाळा घेतला आणि आईच्या नावावरून पाटी लावली : सोना नूडल्स.

नेरळ तेव्हा भराभर वाढत होतं. जिथे भाताची खाचरं होती तिथे इमारती उभ्या राहिल्या. ठाण्या-मुंबईची माणसं तिथे राहायला आली. माथेरानला जाणारी माणसंही दुकानात डोकावू लागली. एकदा एक जैन कुटुंब येऊन बसलं. आजोबांनी विचारलं, “कढई एकच आहे का?” संतोष खोटं बोलला नाही. आजोबा हात जोडून उठले, मागोमाग सगळे उठले. एक लहान मुलगी मागे वळून वळून नूडल्सकडे बघत होती. संतोषला ते फार लागलं. संध्याकाळी घरी येऊन तो न जेवता बसून राहिला.

सोनाबाईने ते पाहिलं. उठली, खुंटीवरून मला काढलं आणि त्याच्या पुढ्यात ठेवलं.

“ही ने.”

“आये, ही तुजी माळकरी...”

“म्हनून तर म्हनते. पन माजी अट हाय. कांदा-लसूण नाय, अंडं-मटन नाय, आनि तेल घान्याचंच. तुज्या त्या पिवळ्या डब्यातलं नाय. एकादशीला मी येनार, खिचडी हिच्यातच व्हनार. कबूल?”

“कबूल.”

नूडल्स उडवायच्या तर हाताला दांडा लागतो. संतोषने वेल्डिंगवाल्याकडून माझा एक कान कापून तिथे लोखंडी दांडा जोडून घेतला. एकादशीला आलेल्या सोनाबाईने ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “मुडद्या, कान कापलास रं तिचा! आता ही अर्धंच ऐकल.”

मित्रांनो, ती थट्टेने बोलली होती. पण त्या वाक्याचा घाव माझ्यावर पडला तो आजवर निघालेला नाही.

मग माझे वैभवाचे दिवस आले. मला वेगळी शेगडी मिळाली, वेगळा झारा मिळाला. स्वयंपाकघर आणि गल्ला यांच्यामध्ये एक खिडकी होती, तिच्या बाजूच्या खुंटीवर मी असायचे. तिथून मला सगळं दुकान दिसायचं आणि उरलेल्या एका कानाने मी सगळं ऐकायचे. गल्ल्यावर सोनाली. तिची जीभ मोठी तिखट आणि मन तितकंच मऊ. गिऱ्हाईक म्हणालं, “मला कांदा-लसूण चालत नाही,” की ती आत आरोळी द्यायची, “चालत नाय, एक!” आणि संतोष मला खुंटीवरून काढायचा. कुणाला श्रावण पाळायचा असे, कुणाचा मार्गशीर्षातला गुरुवार, कुणाला डॉक्टरांनी काही बंद केलेलं, कुणाला नुसतीच किळस. सोनालीची आरोळी एकच. चालत नाय, दोन. चालत नाय, पार्सल.

एकदा एक आजोबा म्हणाले, “मला मैदा चालत नाही.”

“आजोबा, नूडल्स मैद्याच्याच असतात. मग काटाचमचा चावून खाता का?”

आजोबा हसत सुटले आणि मैद्याच्याच नूडल्स खाऊन गेले. दुसऱ्या एकाला तिखट चालत नव्हतं आणि तोच मिरचीचा सॉस दोनदा मागून घेत होता. सोनाली म्हणायची, “लोकांचं चालत नाय म्हंजे मनावरचं असतं. पन आपन मान ठेवायचा. माणूस काय खात नाय ते बी त्याचं देवघरच.”

किती चांगलं वाक्य आहे, नाही? आणि खरंही आहे. ज्याचं देवघर आहे त्याच्यासाठी खरं आहे. लोक लांबून यायचे. मला बघायला खिडकीतून आत डोकावायचे. “हीच का ती वेगळी कढई?” असं विचारायचे. मी तेलाने चमकत असायचे. शुद्ध, सोवळी आणि मूर्ख.

समीक्षाला मी आधी रस्त्यावरून जाताना पाहिलं होतं. चौथीतली मुलगी, दोन घट्ट वेण्या, पाठीवर निळं दप्तर. आईचा हात धरून ती दुकानासमोरून जायची आणि काचेशी पाय ओढायची. आत तिच्या वर्गातल्या मुली बसलेल्या दिसायच्या. तिची आई निशिगंधा एका बँकेत कामाला होती. ती मुलीला ओढत पुढे न्यायची. मला वाटायचं, किती कडक आई! मला तेव्हा काय कळत होतं?

त्या दिवशी सुट्टी होती. एकादशी आदल्याच दिवशी झाली होती. सोनाबाई तेव्हा सकाळी येऊन माझ्यात दाणे भाजून, खिचडी करून गेली होती. नेहमीसारखं कोमट पाणी, फडकं, तेलाचा हात. दुपारी जेवणाच्या वेळी दार उघडलं आणि समीक्षा आत आली. मागे निशिगंधा होती. मुलीच्या अंगात नवा पिवळा फ्रॉक होता. हॉटेलात बसून जेवायची तिची ती पहिलीच वेळ.

निशिगंधा थेट गल्ल्याशी आली. “ताई, तुमच्याकडे वेगळी कढई असते असं आमच्या सोसायटीत ऐकलं.”

“असती ना. काय चालत नाय तुमाला?”

“मला नाही, हिला. शेंगदाणे चालत नाहीत. अजिबात चालत नाहीत.”

“एवढंच होय?” सोनाली हसली. “नूडल्समधी कुठला वो शेंगदाणा, ताई?”

“वरून काही घालता? सॉसमध्ये, चटणीत?”

“काय नाय. कोबी, फरसबी, सिमला मिरची. कांदा मात्र नाय मिळायचा हं तुमाला. आमच्या त्या कढईला कांदा चालत नाय.”

समीक्षा खुदकन हसली. “आई, कढईला पण चालत नाही!”

“व्हय तर,” सोनालीने खिडकीकडे बोट केलं. “ती बघ, ती. माळकरी हाय. अंड्याचा वारा सोसत नाय तिला.”

समीक्षा खिडकीशी आली. टाचा उंच करून तिने मला पाहिलं. कुणी शाळेत आपल्याच गावची मुलगी भेटल्यावर बघावं, तसं पाहिलं. “तिला पण माझ्यासारखंच,” ती म्हणाली. “तिचा डबापण वेगळा ठेवत असतील ना?”

मित्रांनो, आजवर मला पुष्कळांनी नावाजलं होतं. ‘माझ्यासारखंच’ असं कुणी म्हटलं नव्हतं.

निशिगंधा अजून उभीच होती. “आणि तेल?”

“एकदम शुद्ध. घाण्यावरचं. सासूबाई दुसरं वापरूच देत नाय. भेसळीचं नावच नको.”

“घाण्यावरचं म्हणजे...” निशिगंधाने विचारायला सुरुवात केली.

“आई, पुरे ना गं!” समीक्षा तिचा हात ओढत हळूच म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. पलीकडच्या टेबलावर तिच्या वर्गातल्या दोन मुली बसल्या होत्या आणि वळून बघत होत्या. “सगळ्या बघतायत. नेहमी अशीच करतेस.”

निशिगंधा थांबली. मुलीकडे पाहिलं. मग प्रश्न गिळून ती हसली आणि दोघी खुर्चीवर जाऊन बसल्या.

“चालत नाय, एक!” सोनालीने आरोळी दिली. “लेकरू पयल्यांदा आलंय, झ्याक कर.”

संतोषने हात पुन्हा धुतले. झारा पुसला. माझ्या आत बोट फिरवून त्याने खात्री केली, काही चिकटलेलं नव्हतं. मी त्याला कशी सांगणार, की जे चिकटतं ते बोटाला लागत नाही? त्याने तेल घातलं. लेकरू पहिल्यांदा आलंय म्हणून आणखी एक पळी घातलं. कोबी-फरसबी टाकली, नूडल्स टाकल्या, दांडा धरून मला झुलवलं. त्या उडाल्या आणि माझ्यातच पडल्या. एवढ्या सुंदर नूडल्स त्याच्या हातून पूर्वी उतरल्या नव्हत्या.

समीक्षाने काट्याला गुंडाळून पहिला घास घेतला. “आई, मस्त आहे गं.” दुसरा घेतला. वर्गातल्या मुलींकडे बघून तिने हात हलवला. मग ती ओठ खाजवू लागली.

“आई, जिभेला कसंतरी होतंय.”

निशिगंधाचा चेहरा क्षणात पांढरा पडला. तिने ताट दूर सारलं, पिशवीतून औषधाची बाटली काढली. झाकण उघडून तिने ते मुलीला पाजलं. मुलीला उलटी झाली. औषध बाहेर आलं. ओठ सुजले, डोळे सुजले, गळ्यावर लाल चट्टे उठले. सोनाली धावत पाणी घेऊन आली. “ठसका लागला का गं बाय? वर बघ, वर बघ.”

“ठसका नाही! शेंगदाणा आहे यात!” निशिगंधा किंचाळली. “काय घातलंत तुम्ही?”

“देवाशपथ नाय वो ताई, शेंगदाणा नाय घातला!”

समीक्षाचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. संतोष शेगडी तशीच सोडून बाहेर धावला, मुलीला उचलून रस्त्यावर आला आणि रिक्षात घातलं. माथेरानला निघालेल्या गाड्यांनी रस्ता तुंबला होता. रिक्षा हलेना, तेव्हा तो तिला उचलून दवाखान्याकडे पळत सुटला. मागे निशिगंधा. हे सगळं मी सोनालीच्या तोंडून नंतर ऐकलं. मी तर पेटत्या शेगडीवर होते. माझ्यात उरलेल्या नूडल्स करपून कोळसा होत होत्या आणि त्यातून तोच मायेचा वास येत होता, एकादशीच्या पहाटेचा.

समीक्षा वाटेतच गेली.

संतोष परतला तेव्हा दुकानात माणसं जमली होती. कुणी म्हणालं, शिळं घातलं असेल. कुणी म्हणालं, पालीची भानगड असेल. समीक्षाचं ताट अजून टेबलावरच होतं. संतोष खुर्चीवर बसला आणि त्या ताटातलं खाऊ लागला. रडत, हाताने, मुठी भरभरून. “बघा. मी खातो. हाय का काय यात? सांगा ना, काय हाय यात?” सोनाली त्याचा हात धरत होती आणि तो खातच होता. त्याला काही झालं नाही. काही झालं असतं तर बरं, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

चौकशी झाली. नमुने नेले. नूडल्स ताज्या होत्या, भाज्या ताज्या होत्या. विष नव्हतं. सगळे विष शोधत होते, म्हणून कुणाला काही सापडत नव्हतं. संतोषने गाळा बंद केला आणि मला पोशीरला आणून पडवीत ठेवलं.

पंधरवड्याने निशिगंधा पोशीरला आली. दुपारची वेळ होती. सोनाबाई पडवीत सुपात तांदूळ निवडत होती. समोर कोण उभं आहे हे तिला कळलं नाही, तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. निशिगंधाने तो घेतला, पण प्याली नाही.

“मी समीक्षाची आई.”

सोनाबाईच्या हातातलं सूप कलंडलं. ती उठायला लागली. निशिगंधाच खाली तिच्यासमोर बसली.

“भांडायला नाही आले, आजी. एक विचारायचं राहिलं होतं, ते विचारायला आले. तेल कशाचं होतं?”

“घान्याचं गं बाय. शुद्ध.”

“हो. पण कशाचं?”

“शेंगदान्याचं,” सोनाबाई म्हणाली. सवयीने, मान थोडी वर करून म्हणाली. “मी दुसरं शिवू देत नाय. एकादशीला चालतं ते. देवाला चालतं.”

दाराआड उभ्या असलेल्या सोनालीने तोंडात पदर कोंबला. सोनाबाईने एकदा सुनेकडे, एकदा निशिगंधाकडे पाहिलं. तिला हळूहळू काहीतरी उमगत होतं, आणि उमगायला नको होतं.

“देवाला चालतं,” ती पुन्हा म्हणाली. आता तो प्रश्न होता. “मंग तुज्या लेकराला का नाय चाललं गं?”

“तिच्या अंगाला ते विष होतं, आजी. एक थेंब पुरे होता. दोन वर्षांची असताना चिक्कीच्या तुकड्यावर जाता जाता राहिली.” निशिगंधा तांब्याकडे बघत बोलत होती. “मी ‘चालत नाही’ म्हणाले. ‘मरेल’ म्हणायला हवं होतं. पण ती शेजारी उभी असायची. तिच्यासमोर रोज, प्रत्येकाला, तू मरशील असं कसं सांगू? म्हणून मी चालत नाही म्हणायचे. मऊ शब्द.”

“मी बी तेच ऐकलं, ताई,” सोनाली दाराआडून म्हणाली. “चालत नाय. मला वाटलं, पाळत असाल.”

“आणि तेलाचं विचारत होते. ती म्हणाली, पुरे. मी गप्प बसले. एकदा तरी तिला इतर मुलींसारखं बसू दे, म्हणून.”

मी तिथेच होते, हातभर अंतरावर, सुलटी. सोनाबाईने वळून माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ती माझ्याकडे लेकीकडे बघावं तशी बघत आली होती. उठून तिने मला दोन्ही हातांनी धरलं आणि पालथं घातलं. निशिगंधा निघाली तेव्हा पाण्याचा तांब्या भरलेलाच होता.

मित्रांनो, त्या सगळ्यांचं पुढे काय झालं तेही सांगते.

संतोष परत मोहोपाड्याच्या कँटीनमध्ये लागला. तिथे तो बटाटे सोलतो, भाज्या चिरतो. शेगडीपाशी उभा राहत नाही. कुणी जेवताना खोकलं तरी त्याच्या हातातली सुरी थांबते.

सोनाली खालापूरच्या बाजूला एका पॅकिंगच्या कंपनीत जाते. तिची तिखट जीभ बोथट झाली. लग्नकार्यात कुणी “मला वांगं चालत नाही” म्हणालं की ती त्याला धरून विचारते, “चालत नाय म्हंजे? खाल्लं तर काय व्हतं?” माणसं वैतागतात. कुणी नीट उत्तर देत नाही. ती तरी विचारते.

सोनाबाईने त्यानंतर एकादशीला नुसतं पाणी घेतलं. घरात शेंगदाणा आणू दिला नाही. मला भंगारात द्यायला संतोष निघाला होता, तेव्हा तिने अडवलं. “नको. वितळवून परत कुनाची तरी कडई करतील.” गेल्या वर्षी ती गेली. शुद्ध हा शब्द मी तिच्या तोंडून परत ऐकला नाही.

निशिगंधा अजून नेरळलाच राहते. आमच्या गाळ्याच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. पण जवळपास कुठे नवं खाण्याचं ठिकाण उघडलं, की ती तिथे जाते आणि गल्ल्यावर विचारते, “तेल कशाचं आहे?” उत्तर ऐकून घेते आणि काही न मागवता बाहेर पडते. पोरं हसतात. नेरळहून आली की सोनालीच हे सांगते आणि डोळे पुसते.

समीक्षाच्या वर्गातल्या मुली आता सातवीत आहेत. समीक्षा चौथीतच आहे.

आणि मी ही अशी. उन्हाने पाठ तापते, दवाने गंजते. पोटात अंधार आहे. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ना, तसंच माझं हे सांगणं वाहून जाईल, अशी मला भीती वाटते. लोक पुन्हा म्हणतील, दाण्याने कधी कुणी मरतं का? पुन्हा कुणी प्रेमाने आणखी एक पळी तेल घालेल. माझ्यावर जिवापाड माया करणाऱ्यांनी मला शुद्ध ठेवलं आणि त्या शुद्धपणानेच एक लेकरू गेलं. याच्यावर मला उपाय सापडत नाही. मला एक कान उरला आहे. जीभ तर कधी नव्हतीच.

तुम्हाला जीभ आहे. कुणी तुम्हाला ‘मला चालत नाही’ म्हणालं, तर हसू नका, आणि नुसता मानही ठेवू नका. खाल्लं तर काय होतं, ते विचारा. आणि तुमच्यापैकी कुणाचा डबा वेगळा असेल, तर लाजू नका. वर्गातल्या सगळ्या मुली वळून बघत असल्या तरी आईला तिचा प्रश्न पुरा करू द्या.

त्या दुपारी एकच शब्द विचारायचा उरला होता. कशाचं.